बिडाची परतवाट

बीड म्हटले की राजापूरच्या घरात आधी तवा आठवतो. घावने आणि आंबोळ्या बिडाच्या तव्यावरून जशा अलगद सुटतात तशा दुसऱ्या कशावरून सुटत नाहीत, हे कळायला धातुशास्त्र शिकावे लागत नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून वाळूच्या साच्यात ओतलेले. ते ओतायची जागा मात्र आपल्या तालुक्यात नाही; सर्वांत जवळची मोठी ओतशाळा पाहायची तर सह्याद्री चढून घाटावर जावे लागते. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या भूमीतला जांभा दगड लोहाच्या गंजानेच तांबडा झालेला आहे आणि ज्या बंदरात सतराव्या शतकात इंग्रजांची नि फ्रेंचांची वखार होती, तिथे लोखंडाचे ओतकाम रुजले नाही. उलट कुंडल रोड नावाच्या आडस्थानकाशेजारी, निवडुंग आणि दगडधोंड्यांनी भरलेल्या माळावर, १९१० साली जो कारखाना उभा राहिला त्याने शंभरी केव्हाच ओलांडली. किर्लोस्करवाडीच्या या ओतशाळेचा इतिहास बहुधा लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या जिद्दीची कथा म्हणून सांगितला जातो. ती कथा खोटी नाही, पण तिने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही: भट्टी पेटवणारे बरेच असतात, मग टिकते कोणाची? या लेखाचे म्हणणे असे की ओतशाळेचे आयुष्य खनिजाने, भांडवलाने किंवा राजाच्या मर्जीने ठरत नाही. गेलेला माल झिजून, मोडून, तक्रार घेऊन परत येण्याची वाट जिथे असते, तिथे ती टिकते.

खनिजाचा मुद्दा प्रथम घेऊ, कारण कोकणी माणसाच्या मनात तोच पहिल्यांदा येतो. लोखंड काढण्याची कला सह्याद्रीला नवी नव्हती. महाबळेश्वरच्या आसपास आणि कोल्हापूरच्या डोंगरपट्ट्यात धावड लोक जांभ्यातले लोहखनिज कोळशाच्या छोट्या भट्टीत भाजून लोखंड काढत. एकोणिसाव्या शतकात जंगलावर निर्बंध आले, विलायती लोखंड स्वस्त झाले आणि तो धंदा विझला. पण धावडांचे लोखंड बीड नव्हते. त्यांच्या भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे. किट्टाने भरलेला मऊ गोळा निघे आणि तो ठोकून ठोकून घडवावा लागे. शुद्ध लोखंड वितळायला १५०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. त्यात तीन ते चार टक्के कार्बन मुरला की तेच सुमारे ११५० अंशांना पाणी होते. बिडाचे सगळे रहस्य या उतरलेल्या वितळणबिंदूत आहे, आणि त्याचा ठिसूळपणाही त्याच कार्बनाचा. म्हणजे धावडाच्या मागे लोहार होता, ओतारी नव्हता. ओतारी आपल्याकडे होते, पण ते पितळेचे नि कांशाचे. तेही लहानसहान नव्हेत: विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही सुमारे ५५ टनांची तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली आहे, आणि ती मिश्रधातूची आहे. एवढा प्रचंड साचा भरण्याइतकी अक्कल आणि हिंमत दख्खनेत असताना लोखंडाच्या ओतकामासाठी आणखी साडेतीनशे वर्षे थांबावे लागले. तेव्हा खनिज होते, कारागीर होते, तरी ओतशाळा नव्हती. आजचा दाखला हवा असेल तर रेडीच्या खाणी पाहाव्यात. तिथले लोहखनिज कित्येक वर्षे जहाजांत भरून परदेशी गेले; त्या खनिजाच्या जोरावर कोकणात ओतकामाची पेठ उभी राहिली असे झाले नाही.

बंदराचा मुद्दा याहून अवघड आहे, कारण राजापूरला माल आणि पैसा दोन्हींची सवय होती. इंग्रजांनी इथे १६४९ च्या सुमारास वखार घातली ती मिरी, वेलची आणि घाटावरून उतरणाऱ्या कापडासाठी. १६६० मध्ये हेन्री रेव्हिंग्टन याच वखारीतून दारूगोळा घेऊन पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला गेला, आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी वखार खणून काढून त्याचा हिशेब चुकता केला. या प्रसंगाची मर्दुमकी सर्वांना पाठ आहे. त्यातली व्यापारी बाजू सहसा सुटते: घाटाखालच्या बंदरातून वर गेलेली ओतीव शस्त्रे तयारच आलेली होती. राजापूर हे माल उतरवण्याचे, चढवण्याचे, साठवण्याचे ठिकाण होते. बंदराचे सगळे शहाणपण माल लवकर पुढे ढकलण्यात असते. मोडलेली वस्तू हाती घेऊन ती का मोडली हे पाहत बसणे बंदराला परवडत नाही. पुढे अर्जुना नदी गाळाने भरली, मोठी गलबते जैतापूरपर्यंतच येऊ लागली, आणि माणसे तर थेट मुंबईला निघाली. मुंबईत १८५८ पासून रिचर्डसन अँड क्रुडास होती, भायखळा-परळला रेल्वेचे मोठे कारखाने होते. रत्नागिरी जिल्ह्यातले हात त्या शहराच्या गिरण्यांत नि कारखान्यांत राबले, आणि कौशल्यही तिथेच राहिले.

आता घाटावर. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत आधी चित्रकला आणि मग यांत्रिक रेखांकन शिकून, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवून ते बेळगावला परतले. तिथे बंधू रामुअण्णांसह सायकलींचे दुकान निघाले, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० पासून तिथे काम सुरू झाले. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी ही पहिल्या फळीतली नावे. शाळेच्या परीक्षेत यातल्या काहींनी फारसा उजेड पाडला नव्हता. शिक्षा भोगलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणीची जबाबदारी टाकली होती, हेही या वाडीच्या इतिहासात नोंदलेले आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. राजाने जमीन दिली, पैसा दिला, संस्थानात इंग्रजी कायद्याचा जाच कमी. मग कारखाना टिकला तर त्यात नवल कसले? शिवाय तो काळ स्वदेशीचा होता, १९०५ नंतरची लाट होती. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. औंधच्या याच राजाश्रयाने १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला आला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत लागला. स्वदेशीची पुण्याई तिकडेही तितकीच होती, कदाचित जास्त. तरी तो कारखाना पुढे बंद पडला. म्हणजे राजाश्रय आणि स्वदेशी यांनी दोन भट्ट्या पेटवल्या आणि त्यांतली एक विझली. कोणी म्हणेल, कंदिलाची काचही फुटते, तिचेही गिऱ्हाईक पुन्हा दारी येते. मग तुमची परतवाट तिथे का चालली नाही? हा प्रश्न या लेखाच्या म्हणण्याला खरोखरच अडचणीत आणणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी नांगराचे प्रकरण सांगून मगच देता येईल.

लोखंडी नांगर हा शेतकऱ्याला हवा होता म्हणून तयार झाला, असे आज वाटते. तसे नव्हते. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष उतरते अशी समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तरीही तो नांगर कृष्णाकाठी खपणारच होता, याची कारणे मातीत होती. काळ्या कसदार जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरतात. ती मुळे उपटायची तर माती नुसती चिरून भागत नाही, उलथावी लागते. लाकडी नांगराला त्यासाठी सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत, आणि तरीही माती पुरती पालथी होत नसे. आपल्या भागात याच्या उलट. कातळावर वीतभर माती, खाचरे लहान, बैलजोडी हलकी, आणि काम चिखलणीचे. तिथे जड लोखंडी नांगर बैलांनाही झेपत नाही आणि बांधालाही. जांभ्यात कितीही लोह असो, राजापूरच्या शेतकऱ्याला ओतीव फाळाची गरज नव्हती, हे इथे ओतशाळा न निघण्याचे खनिजापेक्षा मोठे कारण आहे.

पण गरज असून भागत नाही; विलायती नांगरही बाजारात होतेच. खरी परीक्षा फाळाची. फाळ खड्यांवर, मुरुमावर घासतो, म्हणून तो कडक हवा. दगडावर आपटतो, म्हणून ठिसूळ नको. बीड सावकाश थंड झाले तर त्यातला कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने सुटतो आणि धातू करडा, मऊसर, कानशीने घासला जाणारा होतो. तेच एकदम गार केले तर कार्बन लोखंडाशी बांधला जातो, तुकडा मोडल्यावर पांढरा दिसतो आणि काच कापण्याइतका कडक होतो. म्हणून फाळाच्या टोकाकडे साच्यात वाळूऐवजी लोखंडाची वीट बसवतात: रस तिला टेकताच टोक गोठून पांढरे होते, मागचा भाग वाळूत सावकाश निवून करडा राहतो. एकाच तुकड्यात दोन स्वभाव. ही गोष्ट पुस्तकात दोन ओळींत मावते. रस किती तापलेला, वीट किती जाड, भट्टीत भंगार किती आणि पिग आयर्न (खनिजातून काढलेले कच्चे बीड) किती, हे मात्र पुस्तक सांगत नाही. ते सांगतो शेतातून मोडून आलेला फाळ. त्याच्या मोडीचा रंग पाहिला की ओतणाऱ्याला आपली चूक कळते. म्हणून गिऱ्हाइकाचे शेत जवळ असणे हे ओतशाळेच्या प्रयोगशाळेसारखे असते. इंग्लंडमधल्या कारखान्याला तासगाव-वाळव्याच्या शिवारात मोडलेला फाळ कधी दिसत नव्हता.

शिवाय मोडलेला फाळ नुसता धडा देत नाही, तो कच्चा मालही असतो. क्युपोला भट्टीत कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी यांचे थर एकावर एक भरतात, खालून भात्याचा वारा घालतात, आणि मातीच्या बोळ्याने बंद केलेले तोंड फोडले की रस बाहेर येतो. फसलेले ओतकाम फोडून पुन्हा याच भट्टीत जाते. लाकूड चुकले की सरपण होते, कापड चुकले की चिंधी. बीड चुकले की पुन्हा बीडच. एवढी क्षमा फार थोड्या धंद्यांत आहे. (अर्थात कोक आणि मजुरी फुकट जाते, हे हिशेबनीस विसरत नसतो.)

दुसरा आक्षेप रेल्वेचा: कुंडल रोडला स्थानक होते, राजापूरला गाडी १९९८ मध्ये कोकण रेल्वे झाल्यावर आली, आणि तीही गावापासून दूर राजापूर रोडला; एवढ्यातच सगळे आले की. पिग आयर्न बंगालमधल्या कुल्टीहून किंवा विलायतेहून यायचे. टाटांच्या साकचीच्या भट्टीतून पहिले लोखंड डिसेंबर १९११ मध्ये निघाले, म्हणजे किर्लोस्करवाडीनंतर. कोळसाही झरियाकडचा. एवढ्या लांबून जड माल आणायला रूळ हवेतच, हे मान्य. पण त्या मार्गावर पुण्यापासून मिरजेपर्यंत स्थानके डझनावारी होती, आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या शेजारी धुराडी दिसली. साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ मध्ये निघाला, तोही लोखंडी नांगराच्याच बळावर. कोल्हापूरच्या ओतशाळा पुढे वाढल्या त्या उसाचे चरक आणि ऑइल इंजिने यांच्या जोरावर. तिन्ही ठिकाणी रूळ होते, पण तिन्ही ठिकाणी भोवतालचा शेतकरीही होता, ज्याची वस्तू झिजत होती. रेल्वेने माल आणला; भट्टी रोज पेटायला कारण दिले ते शेतकऱ्याने.

पहिल्या महायुद्धाने हे म्हणणे तपासून दिले. परदेशी नांगर येणे थांबले आणि मागणी किर्लोस्करवाडीकडे वळली. त्याच वेळी लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ झाला. संरक्षण आणि उपासमार एकाच वेळी. अशा काळात ज्या ओतशाळेला ताज्या पिग आयर्नखेरीज चालतच नाही ती बसते. जिला भोवतालच्या मुलखातून मोडतोड गोळा करता येते ती काही काळ तग धरते. युद्ध संपल्यावर, १५ जानेवारी १९२० रोजी, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हे मासिक आणि त्याची ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही भावंडे वेगळ्याच कारणांसाठी नावाजली गेली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेखही ‘किर्लोस्कर’मधूनच आले. पण खबरेचा मूळ उद्देश साधा होता: आपली अवजारे कोणती, ती कशी वापरावी, हे गिऱ्हाइकांना कळवणे. म्हणजे रेल्वेने अवजारे जात होती त्या मागोमाग शब्दही जात होते, आणि उलट टपालाने प्रश्न येत होते. ओतशाळेतून साहित्य जन्माला आले याचे आपल्याला कौतुक वाटते. वस्तुतः ज्या कारखान्याला गिऱ्हाइकाशी बोलत राहणे भाग होते, त्याला छापखाना सुचणे फारसे अजब नाही.

आता कंदिलाकडे. ओगल्यांच्या काचेला परतीचे गिऱ्हाईक होते, पण वीज आली आणि ते गिऱ्हाईकच कंदिलापासून दूर गेले. नांगराचेही कधी ना कधी तसे होणारच होते. फरक असा की शेतकरी नांगरापासून दूर गेला तरी विहिरीकडे गेला, आणि विहिरीला लागतो पंप. पंपाचे कवच आणि आतला फिरता पंखा ही ओतकामाचीच लेकरे. १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत पंप आणि इंजिन यांचे काम सुरू झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून एम.आय.टी.ची पदवी घेऊन परतले. या बदलासाठी ओतशाळा पाडून नवी बांधावी लागली नाही. वाळू तीच, क्युपोला तोच, मोल्डर तेच. बदलला तो लाकडी नमुना. नमुना करणाऱ्या सुताराची पट्टी साध्या फुटापेक्षा सुमारे एक अष्टमांश इंच लांब असते, कारण बीड निवताना तेवढे आकसते. ती पट्टी हातात असलेला सुतार फाळाचा नमुना करतो तसाच चरकाच्या लाटांचा, भुईमूग फोडण्याच्या यंत्राचा आणि पंपाच्या शंखाकार कवचाचाही. म्हणून, हा आता ओतशाळेचा इतिहास उरला नाही, पंपाच्या कारखान्याचा झाला, असे कोणी म्हटले तर त्यात गफलत आहे. विकले जाते ते पंप म्हणून. कारखान्याला एका वस्तूकडून दुसरीकडे जाता आले ते ओतशाळेमुळे. हरिहरची यंत्रहत्यारे (१९४१), बंगळूरच्या विजेच्या मोटरी आणि खडकीची ऑइल इंजिने (दोन्ही १९४६) ही पुढची शाखावाढ या एका वाडीतूनच झाली.

गांधीहत्येनंतर १९४८ च्या आरंभी दंगलीत या कारखान्यालाही आग लावण्यात आली. तिच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि इथे त्यात भर घालण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवावे की काम पुन्हा उभे राहिले, आणि २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले तेव्हा भट्टी चालू होती.

उरला व्यक्तीचा मुद्दा. लक्ष्मणराव नसते तर हे झाले असते का? बहुधा तिथे झाले नसते. पण त्यांचे मोठेपण कशात, याबद्दल लेखक एकमताने जिद्दीकडे बोट दाखवतात, आणि मला ते अपुरे वाटते. जिद्द सायकलच्या दुकानातही होती. ज्या शेतकऱ्याने दोन वर्षे नांगराकडे पाठ फिरवली त्यालाच त्यांनी आयुष्यभराचा परीक्षक मानले, हे विरळ आहे. हा गुण नकाशावर सापडत नाही, म्हणून राजापूरने त्याबाबत हळहळण्याचेही कारण नाही. आपल्या शेताला फाळ लागला नाही. पंप लागला, आणि तोही उशिरा, आंबा-काजूच्या कलमांना उन्हाळ्यात पाणी घालायची वेळ आली तेव्हा. जांभ्यात खोदलेल्या विहिरीवर आज जे कवच बसवलेले दिसते ते बिडाचेच असते. ते तडकले की ओतकामाची सर्वांत जवळची मोठी पेठ कोल्हापूर, आणि तिकडे जाणारा रस्ता अणुस्कुरा घाटाचा, ज्याने कधीकाळी विजापूरकडचा माल बैलांच्या पाठीवरून राजापूरच्या बंदरात उतरत असे.